सांस्कृतिक समायोजनाच्या मॅडम

आमच्या महाविद्यालयात परदेशी विद्यार्थी वाढले, तेव्हा त्यांना इथल्या रीतीभाती समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. माझी पात्रता एवढीच, की मी कधीकाळी सहा महिने इंग्लंडात राहून आले होते. त्या सहा महिन्यांत मी एकाही इंग्रजाच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं, हे प्राचार्यांना ठाऊक नव्हतं.

दर शुक्रवारी दुपारी पदव्युत्तर वर्गांतली दहा-बारा मुलं माझ्यासमोर बसत. मराठी माणूस कसा असतो, हे मी त्यांना सावकाश आणि मोठ्या आवाजात इंग्रजीतून सांगे. मुलं टांझानिया, येमेन, व्हिएतनामहून आली होती, बहिरी नव्हती. पण हे माझ्या लक्षात यायला एक सत्र गेलं.

त्यांच्यातला टांझानियाचा मुलगा ओळीनं तीन शुक्रवार आला नाही. परक्या देशात येऊन खचला असणार, असं निदान मी करून टाकलं. कार्यालयातून पत्ता घेतला आणि डझनभर संत्री घेऊन विश्रांतवाडीला पोचले. एका निवृत्त परिचारिकेच्या घरी, वरच्या खोलीत तो भाड्यानं राहत होता.

दार उघडंच होतं. घरमालकीणबाई पलंगावर पाय लांब करून बसलेल्या, शेजारी वॉकर, आणि हा खचलेला मुलगा खाली बसून मेथी निवडत होता.

मला बघून तो उठला आणि चक्क मराठीत म्हणाला, "या मॅडम, बसा ना. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, त्याईले शुक्रवारी व्यायामाले घेऊन जाऊन राहिलो. म्हणून तुमच्या क्लासले नाही आलो."

मी थक्क झाले. आता खरं तर माझ्या तोंडून कौतुकाचा शब्द निघायला हवा होता. पण जन्म सदाशिव पेठेतला. मी म्हणाले, "छान! फक्त 'घेऊन जाऊन राहिलो' नाही म्हणायचं. 'घेऊन जातोय' म्हणायचं. आणि 'त्याईले' नाही, 'त्यांना'."

त्याचा चेहरा पडला. बाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"काऊन मॅडम? त्यानं काय म्हटलं ते तुम्हाले समजलं नाही का?"

"समजलं की."

"मंग झालं तर. आमी नागपूरकडचे. मले पुण्यात येऊन पस्तीस वर्षं झाली, माही भाषा सुधरवून सुधरवून इथले लोक थकले. आता या पोराले तरी सोडा."

मी संत्र्यांची पिशवी पुढे केली. नागपूरच्या बाईला पुण्यातली संत्री! त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच. चहा आला, तो घेऊन मी निघाले. रिक्षात बसल्यावर मात्र कान गरम झाले. परक्या देशांतल्या मुलांना इथली माणसं आपलीशी कशी करावीत हे शिकवायला निघालेली मी, मला विश्रांतवाडीपर्यंतसुद्धा नीट पोचता आलं नव्हतं.

महिन्याभरानं, त्यांचा वॉकर सुटल्यावर, मी फोन करून त्यांनाच वर्गात बोलावलं. काठी टेकत त्या आल्या. त्या मराठीत बोलत होत्या आणि तो मुलगा इंग्रजीत सांगत होता. व्हिएतनामच्या मुलीनं बाईंना विचारलं, "पुण्यात आल्यावर सगळ्यात अवघड काय वाटलं?"

"'या एकदा घरी' म्हणत लोक. मी खरंच गेली. दारातूनच बोलून परत पाठवली."

वर्गात हशा पिकला. सगळ्यांनाच तो अनुभव होता. मीही मनापासून हसले. तेवढ्यात तीच मुलगी माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाली, "मॅडम, तुम्हीपण पहिल्या दिवशी म्हणाला होतात, घरी या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "येत्या रविवारी," मी घाईनं म्हणाले, "दुपारी जेवायलाच या."

रविवारी झाडून सगळे आले. पुरणपोळ्या पहिल्या पंगतीतच संपल्या आणि मी स्वयंपाकघरात घामाघूम होऊन कुकर लावला. तेव्हा नागपूरच्या बाईंनी पिशवीतून भाकरी आणि झुणक्याचे दोन मोठे डबे काढून ओट्यावर ठेवले.

"हे कशाला आणलंत?" मी ओशाळून विचारलं.

"मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या आणि ताटं मांडायला लागल्या.