कंबरेचं निमित्त

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे बारकी म्हणत. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी नाव तेच. दिवसभर उभ्यानं इस्त्री करायची आणि तोंडाचा पट्टाही तितकाच चालू.

मुलासाठीच्या उपचारांनी दोनदा राहिलं, दोनदा गेलं. दोन्ही वेळा तिनं आनंदाच्या भरात कारखानाभर सांगून टाकलं होतं. मग प्रत्येकीच्या "आता बरं आहे ना गं?"ला उत्तरं देता देता जीव मेटाकुटीला आला. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिनं तोंडाला कुलूपच लावलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, फार वेळ उभं राहायचं नाही. ती सुपरवायझरला म्हणाली, "कंबर धरलीय."

बसून करायचं काम एकच, शर्टांचे सुटे धागे कापायचं. ते मावशींकडे. नात्यानं कोणी नव्हेत, पण घासातला घास देणाऱ्या. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. तरी त्याच उठल्या. "बस गं. नवऱ्याला मोडकी बायको कशाला?" म्हणत इस्त्रीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

असे सात आठवडे गेले. मावशी कधी या पायावर, कधी त्या पायावर भार टाकत. बारकी खाली मान घालून धागे कापी. आज सांगू, उद्या सांगू.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मावशींना जिना उतरवेना. कठडा घट्ट धरून वर म्हणतात, "माझं राहू दे. मी रोज देवापाशी तुझ्या कंबरेचंच मागते बघ."

बारकीच्यानं पुढे ऐकवलं नाही. "मावशी, कंबर धडधाकट आहे माझी. तिसरा महिना चालू आहे."

मावशी पायरीवरच बसल्या. "मग मला सांगायला काय झालं होतं?"

"दोनदा गेलं ना. भीती वाटली."

"अगं, जागा मागितली असतीस तरी दिली असती. खोटं बोलून घेतलीस, ते लागलं."

बारकी तडक सुपरवायझरकडे गेली. खरं काय ते सांगून टाकलं. त्यानं दोन शब्द सुनावले, इस्त्रीला दुसरा माणूस लावला आणि धाग्यांच्या टेबलाशी आणखी एक स्टूल ठेवलं.

तीन दिवस मावशी कामापुरतंच बोलल्या. चौथ्या दिवशी बारकी शर्टांचा गठ्ठा ओढायला वाकली, तशा कडाडल्या, "हात लावू नकोस! मी काय मेलेय?" आणि गुडघा धरत उठल्या.

तुम्ही बसा, असं म्हणायलाही बारकीला तोंड नव्हतं.