विमानाचा माळ

सर्वपित्रीला लीलाबाईंच्या घरी दोन वेगळी पानं वाढतात. घरच्या पितरांना वडे, खीर, आळूचं फदफदं. माळावरच्यांना उकडलेली अंडी, पाव आणि सिगारेटचं एक पाकीट. सून दर वर्षी तोंड वाकडं करते.

"पितरांच्या दिवशी चुलीवर अंडी. लोकं काय म्हणतील?"

"लोकांच्या घरी गोरे न्हाईत," लीलाबाई म्हणतात. "आपल्या हायेत. आन् चूल कुटं हाय आता? गॅसवर उकड."

मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, वाडीच्या पाठीशी एक माळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, भादव्यातल्या दाट धुक्यात, बॉम्ब टाकणारं एक मोठं विमान तिथल्या कड्यावर आदळलं. लीलाबाईंचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांचे सासरे कोंडिबा आणि वाडीतले गडी वर पोचले तेव्हा ते जळत होतं. सात माणसं होती, सगळी गेलेली. कुणाचा हात कुणाचा, हे कळायला मार्ग नव्हता. गड्यांनी एकच खड्डा खणला, सगळ्यांना त्यात ठेवलं आणि वर सात धोंडे मांडले.

इथवर सगळं माणुसकीला धरून झालं. दुसऱ्या दिवशी तीच माणसं पुन्हा वर गेली ती पत्र्यासाठी. कोंडिबाने पंखाचा पत्रा आणून शेळ्यांच्या गोठ्याला आडोसा केला. हवाई छत्रीच्या रेशमाची पोरांना झबली झाली. आठवड्याने पौडकडून शिपाई आले. विमान पडलेलं पाहिलं का, म्हणून दुभाष्यानं घरोघर विचारलं. बायकांनी पोरांच्या अंगातली झबली ओरबाडून भाताच्या कणगीत कोंबली होती. पत्रा चोरला म्हणून गोरा साहेब फाशी देईल, या भीतीने अख्खी वाडी एकच बोलली, "न्हाई बा. हितं काय पडलं न्हाई."

शिपाई परत गेले.

लीलाबाईंच्या सासूला, ठकूबाईंना, ते सोसलं नाही. निदान दहावं तरी घाला, म्हणून त्या नवऱ्याच्या मागे लागल्या. कोंडिबाने माळावर भाताचे पिंड ठेवले. कावळे झाडावर बसून राहिले, एकही खाली उतरेना. आपल्या माणसाचं दहावं असलं तर काय कबूल करायचं ते माहीत असतं. पोरगी उजवू, म्हातारीला सांभाळू. या माणसांचं मागे काय राहिलं होतं, कुणाला ठाऊक? कोंडिबाने कोंबडं कबूल केलं, दिवा कबूल केला. उन्हं कलली. मग ठकूबाई मागून मोठ्यानं म्हणाल्या, "पोरांनो, तुमच्या आयांस्नी निरोप धाडू. तुमी हितं हाय म्हणून सांगू." कावळा उतरला.

निरोप मात्र कधी गेला नाही. निरोप धाडायचा म्हणजे आपण खोटं बोललो हे कबूल करायचं. ठकूबाईंची तीन मुलं रांगायच्या आत गेली. लीलाबाई लग्न होऊन आल्या, त्यांचीही पहिली दोन गेली. दर वेळी ठकूबाई माळाकडे बघायच्या. "त्यांच्या आया वाट बघत्यात. आपल्याच मांडीवर पोरं कशी ऱ्हातील?" पोरं काविळीनं गेली, असं डॉक्टरांनी लीलाबाईंना सांगितलं होतं आणि ते त्यांना पटलंही होतं. पण सासूच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला होता. निरोप मी धाडीन.

तो कसा धाडायचा ते त्यांना पन्नास वर्षं सुचलं नाही. मग नात मोठी झाली.

अपेक्षा हिंजवडीत नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात तिने गोठ्याच्या पत्र्यावरच्या आकड्यांचा फोटो काढला आणि हरवलेली विमानं शोधत बसणाऱ्या परदेशातल्या हौशी लोकांना पाठवला. लीलाबाई रोज विचारायच्या, "आलं का?" आणि अपेक्षा म्हणायची, "आजी, पार्सल आहे का ते?"

माघात उत्तर आलं. अपेक्षाने ते जेवताना सगळ्यांना सांगितलं. विमान समुद्रात बुडालं अशीच सरकारदरबारी नोंद होती. वायरलेसवर बसणारा केनेथ नावाचा पोरगा होता, वीस वर्षांचा. त्याची धाकटी बहीण डोरीन अजून आहे, इंग्लंडात, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. "तिला तुझ्याशी बोलायचंय आजी. आणि त्यांची माणसं येतील म्हणे, रीतसर खणून सगळ्यांना नीट दफन करतील."

लीलाबाईंनी ताट बाजूला सारलं आणि पदर डोळ्यांना लावला. मुलगा इंद्रजित खाली बघून भाकरी मोडत होता.

"रीतसर म्हणजे किती दिस?" त्याने विचारलं.

"काय माहीत. सरकारी काम. वर्ष, दोन वर्षं."

"आन् तवर जमिनीचं?"

"जमिनीचं काय? तसंच राहील सगळं."

इंद्रजितने आणखी भाकरी मागितली. माळावर रिसॉर्ट करायला पुण्याची पार्टी आली होती. बोलणी संपत आली होती.

पुढच्या आठवड्यात त्याला आईच्या मोतीबिंदूची आठवण झाली. तीन वर्षं आज-उद्या चाललं होतं. "माज्या बहिणीकडं ऱ्हा महिनाभर," तो म्हणाला. "घाई करू नगं. डोळ्यांचं काम हाय." लीलाबाईंना बरं वाटलं. आपण त्याला उगाच जमिनीमागे लागलेला समजतो, असं त्या लेकीला दोनदा बोलल्यासुद्धा.

परत आल्या तेव्हा चैत्र लागला होता. अंगणात उभं राहून त्यांनी नव्या डोळ्यांनी वर पाहिलं. माळ तांबडा आणि सपाट होता. कडेला जेसीबी उभा होता.

"इंद्रजित," त्यांनी हाक मारली. "धोंडं कुटं हायेत?"

तो मोटरसायकल पुसत होता. "नारळ फोडला मी आधी. माफी मागितली, अगरबत्ती लावली. मग हात लावू दिला."

"धोंडं कुटं हायेत?"

"आई, मुडद्यांपायी सगळी जमीन अडवून ठिवायची का? ऐंशी वर्सांची माती झाल्याली."

"माती कुटं हाय?"

"मुरूम व्हता. भरावाला गेला, हिंजवडीकडं."

लीलाबाईंनी त्याला शिवी दिली नाही. त्या आत गेल्या आणि दोन दिवस सुनेशीसुद्धा बोलल्या नाहीत. सुनेने त्यांना न विचारता वरणात कमी मीठ घातलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. तेही त्यांनी तसंच गिळलं.

डोरीनशी बोलायचं ठरलं होतं तो रविवार उजाडला. अपेक्षाने लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. पडद्यावर मांडीवर शाल घेतलेली एक सुरकुतलेली बाई आली आणि तिने हात हलवला. लीलाबाईंनीही हलवला. दोघी एकमेकींकडे नुसत्याच हसत राहिल्या.

डोरीन काही बोलली. अपेक्षा म्हणाली, "ती म्हणते, मला आता प्रवास झेपत नाही. जागा तेवढी दाखवाल का?"

दारात उभा असलेला इंद्रजित हळू आवाजात म्हणाला, "सांग, लई निवांत जागा हाय. आमी फुलं वाहतो. फोटो धाडतो म्हणावं. जुना आसंल तुज्याकडं."

अपेक्षाने तोंड उघडलं. लीलाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब. मी सांगते तसं सांग. माज्या घरच्यांनी फसवलं म्हणावं. तवा बी फसवलं आन् आत्ता बी. तुजा भाऊ हितं व्हता. शिपाई आलं तवा न्हाई म्हणालो, पत्र्यापायी. ह्या चैतापत्तुर व्हता. माज्या पोरानं माती उपसून इकली."

"आई, केस व्हईल!"

"होऊ दे. तू बी जा तुरुंगात, मी बी येते."

अपेक्षा सांगू लागली. मध्येच पाणी पिऊन तिने पुन्हा सुरुवात केली. डोरीन कानाला हात लावून ऐकत होती. मग तिने खिडकीकडे पाहिलं. बोलली तेव्हा आवाज साधाच होता.

"ती म्हणते," अपेक्षा म्हणाली, "तिच्या आईने त्यानंतर घरात कधी मासा येऊ दिला नाही. मुलगा समुद्रात आहे म्हणून. मरेपर्यंत नाही."

लीलाबाईंनी पडद्याकडे बोट केलं.

"आन् हिनं?"

"हिनेही नाही खाल्ला."

"सांग तिला," लीलाबाई म्हणाल्या, "समुद्रात न्हाई म्हणावं. जमिनीवर हाय. कुटं त्ये मी बघते."

डोरीनने मान हलवली. आणखी एकदा हात हलवून तिने कॉल बंद केला.

दुसऱ्या दिवशी अपेक्षाने सुट्टी टाकली. डंपरवाला शंभू वाडीतलाच. लीलाबाईंनी त्याच्या दारात बसूनच राहायचं ठरवलं, तेव्हा तो गाडी काढायला तयार झाला. पिरंगुट, मग सूसचा रस्ता, मग कंपन्यांच्या कॅबची रांग.

"आजी, तीन साइटींवर टाकला मुरूम," तो वाटेत म्हणाला. "कुटल्या खेपंत काय आलं कसं सांगू? मला तर कुणी सांगितलंबी न्हाई. सांगितलं असतं तर मी भरलाच नसता, आईशप्पथ."

पहिल्या साइटवर तीन टॉवर उभे होते. पायथ्याशी पार्किंगची जागा सपाट केलेली, निम्म्यावर ब्लॉक बसवलेले. रोलर फिरत होता.

"ह्यातलं कुटं?"

शंभूने हात केला. तो हात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरला.

लीलाबाई उतरल्या. ब्लॉक संपले तिथे, मुरमाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. तांबडा मुरूम, माळावरचाच. तो त्यांना कुठेही ओळखू आला असता. पाय पुढे टाकायचा की नाही ते त्यांना ठरवता येईना. रोलर त्यांच्या समोरून गेला, वळला, पुन्हा आला.

वॉचमन शिट्टी वाजवत धावत आला. म्हाताऱ्या बाईला बघून त्याने शिट्टी खाली केली.

"माताजी, इधर नहीं आना," तो म्हणाला. "फ्लॅट देखना है ना? सॅम्पल फ्लॅट उस तरफ है."