एकट्याचं रेशनकार्ड

लॉच्या दुसऱ्या वर्षाला दंड संहिता शिकवताना आमचे सर ओळीनं कलमं घेत. खून, दुखापत, बलात्कार असं करत ते तीनशे शहात्तरपर्यंत आले आणि पान उलटताना म्हणाले, "तीनशे सत्त्याहत्तर तुमचं तुम्ही वाचा. त्यात शिकवण्यासारखं काही नाही." मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. सर पुढं चोरीवर गेले.

मी ते कलम आधीच वाचलेलं होतं. पहिल्या वर्षाला, लायब्ररीत, दुसऱ्या जाड पुस्तकाच्या आत धरून. 'निसर्गाच्या विरुद्ध' शरीरसंबंध ठेवणाऱ्यासाठी चार ओळींचं कलम आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत. वाचून मी पुस्तक जागेवर ठेवलं आणि बाहेर नळावर जाऊन बराच वेळ पाणी प्यालो. तोवर मला वाटायचं की जे माझ्यात आहे ते जगात फक्त माझ्यात आहे. त्यासाठी कायद्यात अख्खं कलम ठेवलंय म्हणजे माझ्यासारखी आणखी माणसं असणार, हे त्या दिवशी कळलं. एवढाच काय तो दिलासा.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा आखाडा बाळापूरपासून दीड कोसावर. तिथून लॉला गेलेला मी पहिलाच. शेजारच्या जिल्ह्यातलं कॉलेज, सकाळचे तास, एसटीचा पास. तांड्यावर सगळे मला आत्तापासूनच वकीलसाब म्हणायचे आणि त्या शब्दाच्या आड लपणं सोपं होतं. पोरगं अभ्यास करून राहिलंय, त्याला लग्नाचं आत्ता विचारू नका, असं माझी याडीच लोकांना सांगायची. आमच्यात आईला याडी म्हणतात.

तिसऱ्या वर्षाला वर्गातल्या एका मुलीनं कॉलेजकडून परवानगी काढली, की आम्ही विद्यार्थी लोकांना फुकट अर्ज लिहून देऊ, सल्ला देऊ. ती हिंगोलीची, शाळामास्तरांची मुलगी, बोलायला धारदार. पंधरा जणांनी नावं दिली. दुसऱ्या आठवड्याला आम्ही दोघंच उरलो. बाजाराच्या दिवशी दुपारी आम्ही हिंगोलीला कचेरीच्या फाटकाबाहेर लिंबाखाली एक टेबल मांडून बसायचो. निराधारांचे पगार, सातबाऱ्यावरची चुकलेली नावं, नवऱ्यानं टाकलेल्या बाया. मी अर्ज लिहायचो, ती आत जाऊन भांडायची. आमची मैत्री त्यातच जमली.

तिथं एक दिवस मावशी आल्या. बाजारात दुकानांपुढं टाळी वाजवून मागणाऱ्या हिजड्यांपैकी त्या एक. तेव्हा आम्ही सगळे हाच शब्द वापरायचो, त्याही वापरायच्या. वय पन्नाशीच्या पुढं, निळं लुगडं, गुडघे धरून चालणं. पुढं अर्जाची वाट बघत चार लोक होते, ते आपोआप बाजूला झाले. मावशी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "साब, मला रेशनकार्ड पायजे. माझी गुरू गेली, बाकीच्या अकोल्याला निघून गेल्या. मी एकलीच हाय. गुडघ्यानं आता फिरनं व्हत न्हाई."

जुन्या कार्डावर नाव कुठं होतं, असं मी विचारलं. हट्ट्याच्या पुढच्या एका गावाचं नाव त्यांनी सांगितलं. मग त्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागेल, असं मैत्रीण म्हणाली. मावशी जरा हसल्या. "तिथं तर मी मेले हाय."

ते खरंच होतं. आम्ही दोघांनी त्या गावच्या रेशन दुकानातलं रजिस्टर बघितलं तेव्हा भावाच्या कार्डावर मावशींचं जन्मनाव होतं, पुरुषाचं, आणि त्याच्यावर आडवी रेघ मारून पुढं लिहिलं होतं, मयत. दुकानदार म्हणाला की भावानं येऊन जबाब दिला तरच हे दुरुस्त होईल.

म्हणून एका रविवारी आम्ही तिघं एसटीनं त्या गावाला गेलो. मावशींनी डोक्यावरून पदर घेतला होता. गावाच्या शिवेपाशी त्यांनी तो आणखी पुढं ओढला. घर पत्र्याचं, दारात हळद वाळत घातलेली. भाऊ ओट्यावर बसला होता. आम्ही कोण ते सांगितलं. त्यानं मावशींकडं एकदा बघितलं आणि नंतर सगळा वेळ तो माझ्याशीच बोलला.

"माझा भाऊ वारला," तो म्हणाला. "पंधरा-सोळा सालं झाली."

"दादा, मी काय मागायला न्हाई आले," मावशी म्हणाल्या. "शेत नको, घर नको. मी हाय एवढं कागदावर लिहून दे."

"वकीलसाब, माझ्या पोरीची सोयरीक चालू हाय. तुमी जा."

मैत्रीण कायदा सांगायला लागली. खोटी माहिती देणं, त्याची शिक्षा, सगळं. तो खाली मान घालून ऐकत होता आणि मला दिसत होतं की त्याला काही ऐकू जात नाहीये. एवढ्यात आतून त्याची बायको चहा घेऊन आली. चार कपबशा. मला दिली, मैत्रिणीला दिली, नवऱ्यापुढं ठेवली. चौथी घेऊन ती मावशींपुढं उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली आणि थांबली. मावशींच्या पदराकडं, बांगड्यांकडं बघितलं. मग कपबशी पुढं करत सावकाश म्हणाली, "घ्या वन्सं."

मावशींनी कपबशी घेतली आणि न पिता जमिनीवर ठेवली. बाई त्यांच्याजवळ खाली बसली आणि गुडघ्याला काय लावता, म्हणून विचारायला लागली. तिच्या आईलाही तसलाच त्रास होता.

भाऊ उठून आत गेला. आम्हाला वाटलं संपलं. पण थोड्या वेळानं तो चप्पल घालून आला आणि मला म्हणाला, "चला दुकानावर." जबाबात त्यानं लिहून दिलं की सदर इसम हयात असून चुकीने मयत दाखवण्यात आला. सही करताना त्याचा हात सरळ होता. जाताना मात्र तो मावशींशी एक शब्द बोलला नाही.

परतीच्या गाडीत मैत्रीण पुढं बायकांच्या सीटवर बसली. मावशी खिडकीपाशी, त्यांच्या शेजारी मी. गाव मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, "वन्सं म्हनली ती मला. आयकलं का तुमी?"

"ऐकलं."

मग त्या माझ्याकडं बघत राहिल्या. दुकानातला माल पारखावा तसं नाही, आजारी लेकराकडं बघावं तसं. हळूच म्हणाल्या, "साब, एक विचारू? तुमी बी एकलेच हाव ना?"

त्यांनी काय विचारलं ते मला बराबर कळलं होतं. पुढच्या सीटवर दोन शेतकरी बोलत बसले होते. मी म्हणालो, "न्हाई मावशी. तांड्यावर माझ्यासाठी पोरगी बघून राहिलेत. पुढच्या साली लगीन."

"बरं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. ज्या बाईसाठी मी सुट्टीचा दिवस घालवला, जिला तिच्या भावापुढं उभं केलं, तिला मी एवढंही खरं देऊ शकलो नाही. पुढं वकिलीत मी पुष्कळ साक्षीदार खोटं बोलताना बघितले. त्यांच्यावर मला कधी नीट चिडता आलं नाही.

दाखला मिळाला तरी कचेरीतल्या बाबूनं अडवलंच. "कुटुंबातील व्यक्ती किती?"

"एक," मैत्रीण म्हणाली.

"एका माणसाचं कुटुंब होत नाही, मॅडम. आणि हे पुरुष लिहू का स्त्री?"

"कमीत कमी किती माणसं पाहिजेत, तो नियम दाखवा. आणि स्त्री लिहा."

त्यानं कपाटातून फायली काढल्या. नियम सापडला नाही. तीन महिने आमच्या फेऱ्या झाल्या आणि चौथ्या महिन्यात कार्ड निघालं. त्यात कुटुंबप्रमुख म्हणून मावशींनी स्वतः घेतलेलं बाईचं नाव होतं आणि खालचे सगळे रकाने कोरे. मावशींनी ते लुगड्याच्या ओच्यात ठेवलं आणि आम्हाला दोघांना बाजारातून पेढे आणून दिले. मी मात्र त्या कोऱ्या रकान्यांकडं जास्त वेळ बघितलं होतं. असलं कार्ड एक दिवस मलाही काढावं लागणार, हे मला दिसत होतं.

मावशींच्या कामानंतर मैत्रिणीनं ठरवलं की पोलिस मावशींसारख्यांना ज्याचा धाक दाखवतात त्या तीनशे सत्त्याहत्तर कलमावर कॉलेजात बोलायचं. दिल्लीच्या हायकोर्टात त्याच्या विरोधात अर्ज चालू होता. मुंबईहून एक छोटं पत्रक पोस्टानं यायचं, त्यात ते वाचायला मिळायचं. प्राचार्यांनी 'मानवी हक्क' एवढंच नाव लावायच्या अटीवर हॉल दिला. हातानं लिहिलेल्या पोस्टरवर दुसऱ्या दिवशी कुणीतरी पेनानं घाण लिहून ठेवलं. मी ते काढलं, तिनं परत नवीन लिहिलं. ऐकायला नऊ जण आले, त्यातले तिघं मजा बघायला. मी अर्धा तास बोललो. घटनेतली समानता, खासगी आयुष्य, पोलिसांचा जाच. चांगला बोललो असं सर म्हणाले. एकानं उठून विचारलं, "तुला एवढी काळजी काहून?" मी म्हणालो, "कायद्याचा विद्यार्थी म्हणून." तो हसून खाली बसला.

त्या संध्याकाळी सायकल स्टँडजवळ मी तिला सांगितलं. तोपर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. वाक्य कसं संपवायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून अर्धंच बोललो. तिला तेवढ्यात कळलं. तिनं सायकलचं कुलूप उघडलं आणि परत लावलं.

"हे इथं कुणाला सांगू नको," ती म्हणाली. "तुला याच भागात वकिली करायची ना? लोक केसेस नाही देणार तुला."

ती माझ्या भल्याचंच बोलत होती आणि तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. पण बाबूपुढं, भावापुढं, प्राचार्यांपुढं न वाकणारी ती. माझ्या बाबतीत तिनं एवढ्या लवकर माघार घ्यावी, हे मला फार लागलं. मी हो म्हणालो आणि ते हो मी सात-आठ वर्षं पाळलं.

शिक्षण संपलं. तिचं लग्न झालं, ती नाशिककडं गेली. मी हिंगोलीच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली लागलो. टेबल काही दिवस एकट्यानं चालवलं. पण भांडायला आत कोण जाणार आणि लिहायला बाहेर कोण बसणार, दोन्ही एकाला जमेना. मावशी एका उन्हाळ्यात अकोल्याच्या आपल्या लोकांकडं गेल्या. जाताना कोर्टात येऊन भेटल्या, पण मी तारखेला उभा होतो. कारकुनाजवळ निरोप ठेवून गेल्या की लगीन झालं का ते कळवा. पत्ता ठेवला नव्हता.

मी स्टेशनजवळ खोली घेतली होती. सकाळी कोर्ट, संध्याकाळी पक्षकार, रविवारी कपडे धुणं. हिंगोलीत माझ्यासारखे आणखी कोणी असतील तर ते मला सापडले नाहीत. एक-दोनदा स्टँडवर कुणाची नजर थांबली असं वाटलं आणि मीच मान फिरवली.

दिल्लीचा निकाल आला, की सज्ञान माणसांच्या खासगी संबंधांना ते कलम लागणार नाही, तेव्हा ती बातमी मी बार रूममध्ये वाचली. आजूबाजूला वकील मंडळी हसत होती. एकानं दुसऱ्याला विचारलं, "आता तुम्ही मोकळे का राव?" आणि सगळे आणखी हसले. मीही ओठ हलवले. मग बाहेर येऊन मैत्रिणीला फोन लावला. मागं लेकरू रडत होतं.

"वाचलं मी," ती म्हणाली. "सकाळपासून तुझीच आठवण येत होती. जेवलास का?"

"हो."

"पोराला ताप आहे रे. रात्री निवांत करते."

त्या रात्री फोन आला नाही. तिला दोष नाही, लेकराला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मी भात लावला, खाल्ला, दुसऱ्या दिवशीच्या तारखेचे कागद लावले. पुढं तो निकाल सुप्रीम कोर्टात फिरला आणि काही वर्षांनी परत सरळ झाला. पण आनंद कुणाला सांगावा, हा प्रश्न मला त्या पहिल्याच दिवशी पडला होता.

निकालानंतरच्या रविवारी मी तांड्यावर गेलो. बा शेताकडं होता. याडी दारात ज्वारी निवडत बसली होती. तिच्या शेजारी बसलो आणि आमच्या गोरमाटी बोलीत सांगायला लागलो. माझे सगळे शब्द मराठी नाही तर इंग्रजी. आमच्या बोलीत या गोष्टीला शिवी सोडून शब्द मला ठाऊक नव्हता. म्हणून म्हणालो, "याडी, मी बाई घरात आणणार नाही. मला बाईचं वाटतच नाही. पहिल्यापासून. आणि तसं असणाऱ्या माणसाला जेलात टाकायचा कायदा होता, तो परवा दिल्लीच्या कोर्टानं सैल केला."

तिनं सूप खाली ठेवलं. "तुला पकडायला आले होते का?"

"नाही."

ती दाणे बोटांनी फिरवायला लागली. मग म्हणाली, "तुझ्या आज्याला रोज गावात जाऊन हजेरी लावावी लागायची. निजामाच्या राज्यात. चोरी केली म्हणून नाही. आपल्या तांड्यात जन्मला म्हणून. सगळ्या जातीलाच चोर म्हणायचा कायदा होता. लग्नाला परगावी जायचं तरी चिठ्ठी लागायची. मग तो कायदा गेला. पण म्हातारा मरेपर्यंत खाकी कपडे दिसले की उठून उभा राहायचा."

एवढं तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. पाच वर्षं कायदा शिकलो आणि आमच्याच घरातलं हे मला माहीत नव्हतं.

"कुणी आहे का मग?" तिनं विचारलं.

"नाही. कुणीच नाही."

"बाला मी सांगते. तू नको सांगू. तो ओरडेल." ती परत सूप हातात घेऊन पाखडायला लागली. कोंडा माझ्या पँटवर उडत होता. मी सरकलो नाही. शेवटची गाडी पाच वाजता होती, ती मी सोडली.