ती गुणगुण माझी नव्हती

निवृत्त होईपर्यंत मी शाळेत विज्ञान शिकवलं. नजर काढणं, उतारा टाकणं यावरून वर्गात मुलांशी वाद घातलेत. या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. तुम्हीही हसा हवं तर... पण जे घडलं ते दिवसाढवळ्या आणि दुसऱ्या माणसासमोर घडलं.

आमचं घर यवतमाळात, लोहाऱ्याच्या रस्त्याला. समोर हॉल, त्याला लागून स्वयंपाकघर. माझे मिस्टर सरकारी इंजिनिअर, आणि त्यांना हाय-एंड स्पीकरचं वेड. सोफा आवाजाच्या आड येतो म्हणून हॉलमधून निघाला आणि मधोमध एकच खुर्ची उरली. पाहुणे बेडरूममध्ये बसायचे. रोज संध्याकाळी तेच गाणं आधी या स्पीकरवर, मग त्या स्पीकरवर, मग अँप्लिफायर बदलून पुन्हा तेच. शेवटी माझ्या छातीएवढे उंच, चार ओहमचे स्पीकर टिकले. त्यांना दणकट ट्रान्झिस्टर अँप लागतो असं सगळे सांगायचे. यांना मात्र काचेच्या नळ्यांचा व्हॉल्व्ह अँपच हवा होता. "बेस ढिला येते तं येऊ दे. गळा ऐक गाणाऱ्याचा," म्हणायचे.

ही जोडी लागली आणि आमची भांडणं सुरू झाली.

"तू कायले गुणगुणून राह्यली? मले नीट ऐकू दे ना."

"मी कुठं गुणगुणली? मी तं पोळ्या लाटून राह्यली."

"तुले समजत नाही. सवय आहे तुले."

गाण्याची सवय होती, हे खरं. माहेरी नेरला भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, गाण्यांना मलाच पुढे करायचे. पण तेव्हा मी गात नव्हते. किती वेळा सांगितलं... त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. पाहुण्यांना सांगायचे, हिच्यामुळे एक स्पीकर धड ऐकता येत नाही. हळूहळू मलाच माझी खात्री वाटेना. पोळ्या करताना ओठ घट्ट दाबून धरायचे. मग शाळेत प्रार्थना सांगायचं सोडलं, भजनाला जायचं सोडलं. दीप्तीला, म्हणजे आमच्या मुलीला, मुलगी झाली तेव्हा पुण्याला जाऊन राहिले होते. तिथंही नातीला मांडीवर घेऊन नुसती थोपटत बसायचे. अंगाई तोंडातून निघाली नाही.

मागच्या वर्षी हे गेले. दीप्ती म्हणाली, आई, विकून टाक ते सगळं. उमरखेडचे एक डॉक्टर, यांचे ऑनलाइन ग्रुपमधले मित्र, स्पीकर बघायला आले. रविवारची दुपार होती. स्वतःचा ट्रान्झिस्टर अँप गाडीत घालून आणला होता. त्यावर त्यांनी एका गायकाचं भजन लावलं — आवाज स्वच्छ, बेस घट्ट. मग म्हणाले, "वहिनी, भाऊंचा व्हॉल्व्हही लावून पाहू का? लय तारीफ करायचे त्याची."

नळ्या गरम झाल्या. मी चहा घेऊन बाजूच्या स्टुलावर बसले. तेच भजन लागलं. थोड्या वेळाने डॉक्टर माझ्याकडे वळले.

"वहिनी, तुम्ही गुणगुणून राह्यल्या का?"

कप माझ्या ओठांना होता. मी तो खाली ठेवला. आवाज चालूच — गायकाच्या गळ्यामागे एक बाई, तोंड मिटून गुणगुणणारी. डॉक्टरांनी स्वतःचा अँप जोडला, काही नाही. यांचा जोडला, पुन्हा ती. वायरी बदलल्या, गाणं बदललं. शेवटी त्यांनी प्लेअरची वायरच काढली. गाणं थांबलं. ती बाई थांबली नाही.

चाल भुलाबाईच्या गाण्याची होती. आणि गळा माझा... नेरला होते तेव्हाचा. माझं गाणं कधी कोणी रेकॉर्ड केलेलं नाही. आमच्याकडे तेव्हा टेपसुद्धा नव्हता.

डॉक्टरांनी स्विच बंद केला. घाम फुटला होता त्यांना, पण मला बसला तेवढा धक्का त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नाही. ते मला खटकलं.

"तुम्हाले माहीत होतं?" मी विचारलं.

ते वायर गुंडाळू लागले. "भाऊंनी फोन केलता मले. तुम्ही पुण्याले गेलत्या तेव्हा. म्हणे, घरात कोणीच नाही तरी आवाज येऊन राह्यला. मले वाटलं एकटे आहेत, भास होत असन."

"मंग मले काहून नाही सांगितलं त्यांनी?"

डॉक्टर स्वतःचा अँप उचलून गाडीत ठेवायला गेले.

पुण्याहून परत आले त्या संध्याकाळी हॉलमधून यांचं पहिलं वाक्य काय आलं, ते मला नीट आठवतं. "आल्या आल्या सुरू झाली का तू?"

डॉक्टर स्पीकर घेऊन गेले. त्यांच्याकडे तसलं काही ऐकू येत नाही. अँप मी दिला नाही. दुसऱ्या स्पीकरला जोडून पाहिला, तर नुसतं गाणं वाजतं. फिजिक्स शिकवणाऱ्या मैत्रिणीला विचारलं. ती रेडिओच्या लहरी, खराब अर्थिंग असं काहीबाही म्हणाली, पण त्यात माझा गळा कुठून आला, हे तिला सांगता आलं नाही.

दीप्ती म्हणते, बाबांना तुला घाबरवायचं नसेल. असेल तसंही. पण मग त्यांना नुसतं गप्प बसता आलं असतं.