हवालदारांचा ‘र’

भांडणं का होतात यावर आयुष्यभर लिहीत आले खरी, पण मी स्वतः भयंकर भांडकुदळ बाई. घरात अजून म्हणतात, हिची जीभ आधी पोचते, डोकं मागच्या गाडीनं येतं. खोटं कशाला बोलू, माझ्या संशोधनाची सुरुवातच या दुर्गुणानं झाली.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. गुन्हेगारीशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडलेली, आणि मी इस्लामपूरच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात रोज जाऊन बसत असे. मारामारी होण्याआधीच थांबवता येते का, हा माझा विषय. ‘झाल्यावर थांबत नाही, आधी काय थांबवणार?’ असं फौजदार पहिल्याच दिवशी म्हणाले. पण टेबल दिलं, खुर्ची दिली, नोंदवह्यांचा ढीग दिला. ते विदर्भातून नुकतेच बदलून आलेले. मी साताऱ्याच्या पेठेत मास्तरांच्या घरी वाढलेली. ऊस मी गाडीवर पाहिला होता, उसाच्या शेतात कधी पाय घातला नव्हता.

वाचता वाचता कळलं, इथं निम्मी डोकी पाण्याच्या पाळीवरून फुटतात. विहीर एक, भाऊ दोन. एकाच्या पाळीत दुसऱ्यानं पाट फोडला की निघालीच खोरी आणि कोयते. तीन गावं मात्र चिडीचूप. ही तिन्ही गावं एकाच हवालदारांकडे होती. मिशा पिकलेल्या, पोट सुटलेलं, दिवसभर सायकलवर बाहेर. फौजदार म्हणत, ‘झाडाखाली झोपत असतील.’ त्यांना वर्षभरात पेन्शन होती आणि त्याआधी जमादार व्हायची आस होती. घरी लग्नाची मुलगी होती. हे सगळं ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्यांची रोजची वही मागून घेतली. अक्षर म्हणजे नुसता गुंता, आणि प्रत्येक ‘र’ला खाली लांबलचक शेपूट. दर चार दिवसांनी एकच वाक्य: ‘मळ्यात जाऊन दारू धरली. शांतता.’

मी ताडकन उठले. दारू धरली, मग मुद्देमाल कुठं? पंचनामा कुठं? दारूची एकही केस यांच्या नावावर नाही. आणि वर ‘शांतता’! म्हणजे मिटवामिटवी. अगं बाई, म्हणून गावं गप्प होय! पोलीसच भट्टीवाल्यांना सामील, तक्रार करायला येणार कोण? वही नेऊन मी फौजदारांपुढे आपटली. मी दारू म्हणून बोट ठेवल्यावर त्यांनाही दारूच दिसली.

‘उद्या दुपारी सांगलीला साहेबांकडे जायचंय,’ ते म्हणाले. ‘यांच्याविरुद्धचा कागद घेऊनच जातो. घरी बसतील आता.’

‘आणि पेन्शन?’

‘कसली पेन्शन!’

मला वाईट वाटलं, पण थोडंसंच. आपल्याला शोध लागला याचाच आनंद जास्त होता. आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार कुठल्या मळ्यात गेलेत ते विचारून मी एस.टी.नं फाट्यावर उतरले. भट्टी डोळ्यांनी बघायची होती. बांधावरून धडपडत आत गेले, तर दोन भाऊ विहिरीच्या दोन अंगांना पाठ फिरवून बसलेले. मधे उसात हवालदार. खाकी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, पाय चिखलात, हातात खोरं. एका सरीचं तोंड मातीनं बुजवत होते, दुसरीचं उघडत होते.

‘हवालदार, हे काय करताय?’

‘दारं धरतोय की बाई. दुसरं काय?’

‘दारू?’

‘आवं दारू कुठली सकाळच्या पारी! दारं! सरीला पाणी सोडायचं दार. कवा बगितलं न्हाई व्हय?’

वहीतल्या ‘र’ची ती शेपूट मला ऊकार वाटली होती, वरचं टिंब त्या गुंत्यात दिसलंच नव्हतं. हवालदार मात्र मजेत सांगत होते. मोटरच्या पाळीवरून काल दोघांची जुंपली होती, आज रक्तच निघालं असतं. ‘मग मीच येऊन पाणी पाजतो. पोलिसाच्या हातात खोरं म्हटल्यावर पाट फोडतोय कोण? आनि घटकाभरात त्येनास्नीच लाज वाटती.’

खरंच, धाकटा भाऊ खाली मान घालून आला. ‘आणा हिकडं, दादाची दारं मी धरतो,’ म्हणाला. थोरला तिकडून ओरडला, ‘गड्या, च्या घे आदी!’

मला तिथं बसून रडावंसं वाटलं. ज्यासाठी मी ढीगभर वह्या उपसत होते, ते समोर चिखलात उभं होतं, आणि त्यालाच मी घरी बसवायला निघाले होते. ‘हवालदार, आत्ताच्या आत्ता मला ठाण्यात पोचवा,’ म्हटलं आणि त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. समोर बघून सांगायची हिंमत नव्हती, म्हणून अर्ध्या वाटेत त्यांच्या पाठीला सगळं सांगून टाकलं. ते पायडल जोरात मारायला लागले.

फौजदार जीपमध्ये बसतच होते. ‘थांबा! दारू नाही, दारं!’ मी बोंबलले. सरी, पाट, दोन भाऊ, सगळं एका दमात ओकले. ठाणं पोट धरून हसलं. फौजदारांनी कागद माझ्या हातात दिला. ‘फाडा तुम्हीच,’ म्हणाले. मी त्याचे तुकडे तुकडे केले.

मग हवालदारांकडे वळले. ‘माफ करा मला,’ मी म्हटलं. ते रागावले होते, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सायकल भिंतीला लावून त्यांनी घाम पुसला.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘सव्वीस वर्सं वही लिवतोय मी. सायेब येत्यात, खाली सही ठोकत्यात, जात्यात. वाचली कुनीच न्हाई. तुमी उलटी का हुईना, पर वाचली.’

दुसऱ्या दिवशी आधीच्या सगळ्या वह्या पोत्यात बांधून त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. आणि या खेपेला शेजारी खुर्ची ओढून स्वतः बसले.