चौतीस हजार दिवसांचं धान

सुमनताई लांजेवारांची आणि माझी पहिली भेट करडीजवळच्या आमच्या देशी बियाणे केंद्रात झाली. मी संगणकाची पदवी मिरवत रुजू झालो होतो. ताईंनी थेट विचारलं, "धान ओळखता येते काय?" मी नकारार्थी मान हलवली. "मंग आधी बांधीत चला," म्हणत त्यांनी मला धानाच्या शेतात उतरवलं.

कोणत्या गावात कोणाकडे कोणतं जुनं धान आहे, ते किती दिवसांत निघतं, ही नोंद ताईंनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून एका जुनाट संगणकात साठवली होती. तलावाचं पाणी किती दिवस पुरेल ते पाहून आमच्याकडे लोक धान निवडतात. दिवस चुकले की पीक गेलंच. नवा संगणक आला तेव्हा मी शहाणपणा केला. डेटाबेसच्या फाइली जशाच्या तशा उचलून नव्यात टाकल्या. नावं झकास दिसली, म्हणून जुनं मशीन भंगारात द्यायला होकारही देऊन बसलो.

पेरणी तोंडावर होती. आंबागडचे श्रावणजी बियाण्यासाठी आले आणि नव्या संगणकाचा पडदा पाहून म्हणाले, "चौतीस हजार पाचशे साठ दिवसाचं धान? मी लावतो, पण कापाले माझा पणतू येईन काय?"

धान होतं एकशे पस्तीस दिवसांचं. दोन्ही संगणकांचे प्रोसेसर वेगळे. जुना आकड्याचा मोठा भाग आधी लिहायचा, नवा त्यालाच लहान समजून वाचायचा; नावं तशीच राहिली, आकडे मात्र उलटले. माझी पाचावर धारण बसली, कारण भंगारवाल्याची गाडी दारात उभी होती. ताईंनी जुन्या मशीनसमोर खुर्ची ओढली. "हे इथून हालनार नाही. ज्यानं लिवलं त्यालेच वाचाले लावा."

तसंच केलं. जुन्या मशीनकडूनच सगळी नोंद साध्या मजकुरात काढून घेतली आणि नव्यात भरली. वाटलं, सुटलो. कसलं काय! ताईंचा दंडक असा, की ज्याचं बियाणं त्यानं स्वतः नोंद वाचून हो म्हणायचं. बाजाराच्या दिवशी शेतकरी येत. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी दुखऱ्या गुडघ्यांनिशी ताई गेल्या. शेवटचा माणूस हो म्हणाला तेव्हा पेरणीला दोन दिवस उरले होते. मगच जुनं मशीन जागचं हललं.

चूक कोणाची, असं केंद्राच्या समितीनं विचारलं. ताई एवढंच म्हणाल्या, "आमची." माझी नोकरी त्या शब्दावर टिकली, हे मी आज सर्वांसमोर सांगतो.

आता ताईंची साठी. शतायुषी व्हा म्हणणं मला फार कमी वाटतं. ताई, माझ्या चुकीतला आकडा तुम्हाला लाभो: आजपासून आणखी चौतीस हजार पाचशे साठ दिवस, ठणठणीत तब्येतीनं. आणि ते पुरे भरले की नाही, हे तुमच्याच दंडकाप्रमाणे तुम्ही स्वतः वाचून हो म्हणा.