रंगाऱ्याच्या पाण्याची बरणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, देवापुढे नाही — आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणूनच बहुधा जीभ उचलते आहे.

आमचे हे मेहकरला शाळेत सायन्स शिकवायचे. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला. मी वडनेर भोलजीची, लग्न होऊन इकडे आलेली. मूल झालं नाही. घरात माणसं दोन, आणि बाकी सगळे झिंगे. समुद्राकाठच्या मिठागरावरून यांच्या मित्रानं डबीतून अंडी पाठवली होती — दिसायला तपकिरीची चिमूट. मिठाच्या पाण्यात टाकली की दोनेक दिवसांत नारिंगी ठिपके पोहू लागत. ते ठिपके हे माशांच्या पिलांना भरवायचे. पिलं जगली तर मासे धरणाऱ्या भोयांच्या तळ्यात मासे वाढवू, असं यांच्या मनात होतं.

चांगलंच होतं ते. मी कुठं नाही म्हणते? पण एका थंडीत मला ताप भरला, तेव्हा घरातली जाड घोंगडी बरण्यांभोवती गुंडाळलेली होती. "त्यांना ऊब लागते गं," म्हणाले. मी लुगडं अंगावर ओढून पडून राहिले.

माझं म्हणावं असं एकच माणूस होतं — हमीदा, रंगाऱ्याची बायको. तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं घर, दारात निळीचे रांजण. दुपारी ती मागच्या दारानं यायची, कोपरापर्यंत हात निळे. दिवसभरात माझ्याशी बोलणारी तेवढीच.

त्या उन्हाळ्यात तळ्यातले मासे मरून वर आले. भोई म्हणाले, रंगाऱ्याच्या मोरीचं पाणी भोवलं. हे म्हणाले, मी तपासल्याशिवाय कुणाला बोल लावू नका. दोन बरण्या मांडल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत मोरीचं. दोन्हींत मीठ सारखं, झिंगे सारखे. मोरीच्या पाण्यात ते जगले तर रंगारी सुटला.

आणि ते जगले होते. सकाळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्याच सकाळी मी यांना म्हटलं, आईला बरं नाही, मला वडनेरला पोचवता का? यांचा डोळा भिंगाला. "हं," म्हणाले. थोड्या वेळानं, "काही म्हणालीस?" — आणि उत्तराला न थांबता शाळेत गेले.

ज्वारीच्या बियाण्याला लावायचं विषारी मोरचूद फडताळात होतं. मी चिमूटभर घेतलं आणि हाताशी आली त्या बरणीत टाकलं.

नाही. हाताशी आली ती नाही. इथंही मी खोटंच बोलायला निघाले. मोरचूद निळं असतं. विहिरीच्या पाण्यात ते दिसलं असतं, म्हणून मी निळ्या पाण्याची बरणी निवडली. ते पाणी कुणाच्या मोरीचं, हे मला ठाऊक होतं.

हे परतले तेव्हा ठिपके तळाशी बसले होते. यांनी बराच वेळ पाहिलं आणि डोक्यावर टोपी ठेवून पंचांकडे निघाले. मी दारातच उभी होते. वाट अडवून सांगता आलं नसतं का? कायमची माहेरी धाडतील याची भीती वाटली. मी बाजूला सरले.

दुसऱ्या दिवशी हमीदा आली. पुढच्या दारानं.

"बाई, मास्तर म्हनतात आमच्या पान्यात जहर हाये. त्याच पान्यात मी रोज हात घालतो. माह्या हाताले काऊन नाई झालं काई? तुमी सांगा ना त्याईले. तुमचं आयकतीन ते."

तिला वाटत होतं, हे माझं ऐकतात.

"ते शिकलेले आहेत," मी म्हटलं. "त्यातलं मले काय समजते?"

ती आल्या दारानं परत गेली. रांजण फोडले गेले. रंगारी बिऱ्हाड घेऊन खामगावला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात तळं आटलं आणि मासे पुन्हा मेले. आता वर रंगारी नव्हता. हे तळ्यावरून आले, ओट्यावर बसले. "माझंच काहीतरी चुकलं," म्हणाले. "एक घर उठवलं मी." बरण्या त्यांनी स्वतःच धुऊन माळ्यावर टाकल्या. त्यानंतर ते संध्याकाळी माझ्याजवळ बसू लागले, बोलू लागले. मला जे हवं होतं ते मिळालं, आणि मी ते घेतलं. हे वारले तेव्हाही मनात तीच चूक घेऊन गेले. मी उशाशीच होते.

त्यानंतर खामगावच्या बाजारात हमीदा भेटली. केस पिकलेले, हात कोरडे, गोरे. तिनंच ओळखलं. मास्तर कसे आहेत, विचारलं. गेले, मी म्हटलं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

"भला मानूस होता," ती म्हणाली. "त्याईनं मुद्दाम नसन केलं. चुकला असन त्याईचा काई हिशेब. हाव ना, बाई?"

मी हाव म्हटलं.